सहा मिनिटांचं लोडशेडिंग

बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करता येतं. त्यासाठी शॉक आहे, औषधं आहेत, मशिन्स आहेत. पण मेंदूचं काय? त्याचं रक्त थांबलं की मिनिटं मोजायला सुरुवात होते आणि त्या वेळी आसपास डॉक्टर नसतो. असतो आपण... ऑफिसच्या पॅण्ट्रीत, हातात चहाचा कप घेऊन!

मंगळवार. दुपारचे साडेचार. ऑफिसात कोणीच काम करत नाही आणि सगळे काम करत असल्याचं दाखवतात, ती वेळ. मी पॅण्ट्रीत मशिनच्या चहाला नावं ठेवत उभा होतो. तेवढ्यात काका आत आले.

काका म्हणजे आमच्या अ‍ॅडमिनचे काका. वय चोपन्न. प्रत्येक ऑफिसात असे एक काका असतातच. आयकार्ड हरवलं, सांगा काकांना. एसी जाम थंड झालाय, सांगा काकांना. बर्थडेचा केक, दिवाळीचा कंदील, नव्या पोराला डोंबिवलीत भाड्याची खोली... सगळं काका. आणि 'काय रे, चहा घेतलास का?' हे त्यांचं 'हॅलो'. बॉसपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांना सेम प्रश्न. त्या दिवशीही त्यांनी तो विचारला. मी 'घेतोय काका' म्हणेपर्यंत ते फ्रिजला धरून खाली गेले.

मग जे सुरू झालं ते तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. त्यांच्या हातापायांना दोन-तीन झटके आले म्हणून कोणीतरी ओरडलं, 'फिट आलीय, फिट!' एकानं चप्पल हुंगवली. दुसरा कॅण्टीनमधून कांदा आणायला पळाला. तिसरा पाणी पाजायला बघत होता. चौथा व्हिडिओ काढत होता, त्याच्याबद्दल बोलायलाच नको.

आमच्या टीममधली एक मुलगी कॉलेजात एनसीसीला होती. ती सरळ गुडघ्यांवर बसली आणि तिनं काकांच्या छातीवर दोन्ही हात ठेवले. नेमका त्याच वेळी काकांच्या घशातून घोरल्यासारखा एक मोठा आवाज आला. तोंड उघडलं, छाती हलली. मी ओरडलो, "अगं थांब, श्वास चालू आहे!"

तिनं हात काढले.

तळमजल्यावर एक डेंटल क्लिनिक आहे. आमचा वॉचमन तिथल्या डॉक्टर मॅडमना घेऊन धावत वर आला. त्यांनी एक नजर टाकली, 'हा श्वास नाहीये!' एवढंच म्हणाल्या आणि छाती दाबायला लागल्या. नंतर अ‍ॅम्ब्युलन्स आली, तिच्यात दोन शॉक दिले, नाडी लागली. ऑफिसच्या सीसीटीव्हीत आम्ही नंतर पाहिलं. काका पडल्यापासून मॅडमचे हात छातीवर पडेपर्यंत सहा मिनिटं आणि काही सेकंद गेले होते.

आयसीयूतले डॉक्टर संध्याकाळी काकूंना म्हणाले, "हार्ट परत आलंय. मेंदूबद्दल मी बहात्तर तासांआधी काही सांगणार नाही."

हार्ट आलं म्हणजे माणूस आला, असं मला तोवर वाटत होतं. सिनेमात तर तसंच असतं ना! शॉक देतात, मॉनिटरवर टूँ-टूँ सुरू होतं, हीरो डोळे उघडतो, हिरोइन रडत हसते. मग हे बहात्तर तास कसले?

वायरिंग आणि प्लंबिंग

माझी एक शाळेतली मैत्रीण आता भूलतज्ज्ञ आहे. रोज लोकांना बेशुद्ध करून परत शुद्धीवर आणणं हा तिचा धंदा. हॉस्पिटलसमोरच्या उडप्याकडे रात्री साडेनऊला ती भेटली. मी आधी कबुलीजबाब दिला... माझ्या ओरडण्याचा. ती रागावली नाही. म्हणाली, "अरे गाढवा, आमचे इंटर्नसुद्धा पहिल्यांदा फसतात. त्याला श्वास म्हणत नाहीत. आपल्याकडे आज्या काय म्हणायच्या? घरघर लागली. तीच ती."

हृदय थांबल्यावर मेंदूच्या तळाशी असलेलं, श्वास चालवणारं केंद्र थोडा वेळ तग धरतं. ते अधूनमधून असा एखादा आचका देतं. घोरणं, उचकी, मासोळीसारखी तोंडाची उघडझाप, असं ते दिसतं. सुरुवातीचे ते झटकेही मेंदूचं रक्त अचानक तुटल्यामुळे येतात. म्हणजे आम्हाला जी 'फिट' वाटली आणि मला जो 'श्वास' वाटला, ती दोन्ही मेंदू उपाशी असल्याची खूण होती. आम्ही दोन्ही उलट वाचल्या.

तिनं आणखी एक घोळ निस्तरला. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट हे दोन वेगळे प्रकार आहेत. अटॅक म्हणजे प्लंबिंगचा प्रॉब्लेम. हृदयाला रक्त देणारी नळी तुंबते, छातीत दुखतं, घाम येतो, पण हृदय बहुतेक वेळा धडधडत असतं आणि माणूस बोलत असतो. अरेस्ट म्हणजे वायरिंगचा प्रॉब्लेम. हृदय नुसतं थरथरतं किंवा थांबतं आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही. पहिल्यातून दुसरा होऊ शकतो. आपल्या श्रेयस तळपदेला डिसेंबर २०२३मध्ये शूटिंग संपवून घरी आल्यावर अटॅक आला. त्यात आपलं हृदय काही मिनिटं थांबलं होतं आणि ते शॉक देऊन परत आणलं, हे त्यानं स्वतःच पुढे मुलाखतींत सांगितलं.

यूपीएस नसलेला मेंदू

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण आपण घेतलेल्या ऑक्सिजनपैकी साधारण पाचवा हिस्सा हा एकटा खातो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याला लागतं. तुम्ही मीटिंगमध्ये डुलक्या काढत असलात तरी!

एवढा खादाड गडी, पण घरात साठवण शून्य. स्नायूंकडे थोडीफार शिल्लक असते, लिव्हरकडे असते. मेंदूला यूपीएसच नाही. मेन स्विच पडला की दहा-पंधरा सेकंदांत स्क्रीन काळी, म्हणजे माणूस बेशुद्ध. मग काही मिनिटांत पेशींमधली ऊर्जा संपते. प्रत्येक पेशीच्या भिंतीत छोटे पंप असतात, ते आतलं सोडियम बाहेर टाकत असतात. ऊर्जा संपली की पंप बंद. सोडियम आत येतं, त्याच्यामागून पाणी येतं आणि पेशी सुजते. ग्लुटामेट नावाचं रसायन एरवी पेशींमधला निरोप्या असतो. ते आता बेसुमार सांडतं आणि शेजारच्या पेशींमध्ये कॅल्शियमचे दरवाजे उघडत सुटतं. साधारण चार-पाच मिनिटांनंतर कायमचं नुकसान व्हायला लागतं, असं डॉक्टर मानतात.

म्हणजे काकांचं लोडशेडिंग सहा मिनिटांचं होतं. पंख्यासाठी सहा मिनिटं काहीच नाहीत. मेंदूसाठी ती फार होतात.

हातांनी चालणारा पंप

बाहेरून छाती दाबून रक्त फिरवता येतं, हे माणसाला कळून फार वर्षं झालेली नाहीत. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे इंजिनीअर काम करत होते. हो, इंजिनीअर, तेही इलेक्ट्रिकल! वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरत होते, तिथून त्यांचं हे संशोधन सुरू झालं होतं. त्यांच्यासोबतच्या गाय निकरबॉकर या तरुणाच्या लक्षात एक गंमत आली. कुत्र्याच्या छातीवर शॉकचे जड पॅडल नुसते दाबून धरले, तरी रक्तदाबाचा काटा हलतो! मग सर्जन जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले. १९६०मध्ये या तिघांचा निबंध छापून आला. त्यातल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. तोवर बंद हृदय चालू करायचं तर छाती फाडून ते हातात धरावं लागायचं. आता नुसते दोन हात पुरणार होते. कोणाचेही, कुठेही.

त्याच शहरात पीटर सफार हे भूलतज्ज्ञ तोंडानं श्वास देण्याची पद्धत सिद्ध करत होते. दोन्ही जोडलं आणि सीपीआर तयार झालं.

पण माझ्या मनात घर करून बसली ती सफारांची पुढची गोष्ट. १९६६मध्ये त्यांच्या लहान मुलीला दम्याचा मोठा अटॅक आला. तिचं हृदय परत सुरू झालं. मेंदू परत आला नाही. ज्या माणसानं जगाला श्वास द्यायला शिकवलं, त्याच्याच घरी हे झालं. त्यानंतर सफारांनी आपलं उरलेलं आयुष्य मेंदूमागे लावलं. नुसतं हृदय आणि फुप्फुसं परत आणून भागणार नाही, मेंदूही परत यायला हवा, म्हणून त्यांनी सीपीआरच्या नावातच मेंदू घातला आणि ते त्याला सीपीसीआर म्हणू लागले. पुढच्याच वर्षी, १९६७मध्ये, पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून त्यांनी फ्रीडम हाउस ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी करायला मदत केली. मुद्दा साधा होता. मेंदूची मिनिटं रस्त्यावर आणि घरात जातात, तर तिथल्याच माणसांना शिकवा. सफार २००३मध्ये गेले.

लाइट आल्यावर फ्रिज जळतो, तसं

दुसऱ्या रात्री मी मैत्रिणीला विचारलं, "पण रक्त तर आता चालू झालंय ना? मग काकांचा मेंदू उठत का नाही?"

ती म्हणाली, "लोडशेडिंगनंतर लाइट आल्यावर तुमचा फ्रिज कधी जळलाय?"

जळलाय. एकदा टीव्हीसुद्धा.

"तेच. नुकसान जाताना होतं, तसं परत येतानाही होतं."

थांबलेलं रक्त परत आलं की त्यासोबत ऑक्सिजन येतो. घायाळ पेशींना तो नीट वापरता येत नाही. त्यातून पेशींनाच जाळणारे रेणू तयार होतात आणि सूज वाढते. शिवाय नळ चालू केला म्हणजे पाणी प्रत्येक मजल्यावर पोचतंच असं नाही, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही माहीत असतं. एडलबर्ट एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये हेच सशांच्या मेंदूत दाखवलं. मेंदूचं रक्त काही मिनिटं थांबवलं, पुन्हा चालू केलं आणि मग काळं कार्बनचं द्रावण सोडलं. सगळा मेंदू काळा व्हायला हवा होता. पण काही भाग कोरेच राहिले. तिथल्या बारीक केशवाहिन्यांत रक्त परत शिरलंच नव्हतं. रक्त जितका जास्त वेळ बंद, तितके कोरे भाग जास्त.

त्यात भर म्हणजे पहिली लाट ओसरल्यावर पुढचे अनेक तास मेंदूचा रक्तप्रवाह उलट कमीच राहतो. एरवी अंगातला रक्तदाब वरखाली झाला, तरी मेंदू आपल्या नळ्या आवळून-सैलावून स्वतःचा पुरवठा सांभाळतो. अरेस्टनंतर अनेकांमध्ये हे बिघडतं. म्हणून आयसीयूत ते बारीकसारीक हिशेब चालू असतात. रक्तदाब एका मर्यादेखाली जाऊ द्यायचा नाही. ऑक्सिजन पुरेसा, पण उगाच जास्त नको. कार्बन डायऑक्साइडही नॉर्मलच हवा. मला सगळ्यात धक्का या शेवटच्या गोष्टीनं बसला. घाबरून अंबू बॅग भराभर दाबली की कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या नळ्या आकसतात आणि आधीच उपाशी मेंदूचं रक्त आणखी कमी होतं. जास्त श्वास देऊनही घात होतो, बोला!

आणि बहात्तर तासांचं कोडं? ताकाआकी किरिनो या जपानी संशोधकानं १९८२मध्ये जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर काम केलं. मेंदूचं रक्त फक्त पाच मिनिटं थांबवून सोडलं. हिप्पोकॅम्पस हा आठवणी नोंदवणारा भाग. त्यातल्या ठरावीक पेशी पहिल्या दिवशी ठीकठाक दिसत होत्या. त्या मेल्या दोन ते चार दिवसांनी! मेंदूचा निकाल सावकाश लागतो. त्यात झोपेच्या औषधांचा अंमल उतरायलाही वेळ हवा. म्हणून शहाणे डॉक्टर निदान तीन दिवस तोंड उघडत नाहीत. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या काकूंना मी यातलं शक्य तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अजून होतंय का रे काही आत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बर्फाची आशा

मग मी नेटवर बसलो. रात्रभर. आणि मला अ‍ॅना बोगेनहोल्म सापडली.

ही स्वीडिश डॉक्टर मे १९९९मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटं. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होतं. शरीराचं तापमान उतरलं होतं १३.७ अंशांवर. ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलनं तिचं रक्त मशिनमधून फिरवत हळूहळू गरम केलं. ती जगली. परत डॉक्टर म्हणून कामाला लागली. हृदय थांबण्याआधीच मेंदू इतका गार झाला होता, की त्याची भूक जवळजवळ मिटली होती.

म्हणजे काकांना थंड करा की! मी सकाळी सहाला मैत्रिणीला फोन केला. तिनं झोपेतच माझी हवा काढली.

२००२मध्ये खरंच तसं वाटलं होतं. युरोपातल्या एका चाचणीत बेशुद्ध रुग्णांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवलं. ५५ टक्क्यांचा मेंदू चांगला सावरला. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतही तसंच दिसलं. जगभरच्या आयसीयूंत थंडीची लाट आली. पण २०१३मध्ये मोठ्या चाचणीत ३३ आणि ३६ अंशांची तुलना केली, फरक निघाला नाही. २०२१मध्ये १,८००हून जास्त रुग्णांवर ३३ अंश विरुद्ध नुसता ताप येऊ न देणं, अशी तुलना झाली. तरीही फरक नाही. अ‍ॅना आधी गार झाली आणि मग तिचं हृदय थांबलं. काकांचं आधी थांबलं. मधली मिनिटं तर गेलीच होती. आज भर आहे तो मुख्यतः ताप चढू न देण्यावर.

अजून भारी यंत्रं आहेत. एक्मो म्हणजे रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून परत आत ढकलणारं मशिन. २०२०मध्ये मिनिआपोलिसच्या ३० रुग्णांच्या छोट्या चाचणीत त्यानं कमाल केली. २०२३मध्ये नेदरलँड्सच्या अनेक हॉस्पिटलांत मिळून करून पाहिलं, तेव्हा तसा ठळक फायदा दिसला नाही. आणि २०१९मध्ये तर येल विद्यापीठातल्या नेनाद सेस्तान यांच्या टीमनं, कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंत मृत्यूनंतर चार तासांनी खास द्रावण फिरवलं आणि पेशींची काही कामं पुन्हा सुरू झालेली दाखवली! पेशी साखर वापरत होत्या, नळ्या औषधाला प्रतिसाद देत होत्या. पण मेंदू 'जागा' झाल्याची, त्याच्या एकत्रित विद्युत हालचालीची कसलीही खूण नव्हती. घरातले दिवे लुकलुकले, पण घरात कोणी नव्हतं.

कोपनहेगनमधला सामना

त्याच रात्री मी आणखी एक व्हिडिओ पुन्हा पाहिला. १२ जून २०२१. युरो कपची डेन्मार्क-फिनलंड मॅच. ख्रिश्चन एरिक्सन चालता चालता मैदानात कोसळतो. डॉक्टर पोचले तेव्हा त्याची नाडी आणि श्वास होता, पण लगेच चित्र पालटलं. मग क्षणभरही न थांबता छाती दाबणं सुरू, आणि एईडीचा शॉक. स्ट्रेचरवरून बाहेर जाताना तो शुद्धीवर होता. छातीत शॉक देणारं यंत्र बसवून फेब्रुवारी २०२२मध्ये तो परत मैदानात उतरला, इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये!

तिथेही हृदय थांबलं होतं. मेंदूचं रक्त मात्र फारसं थांबू दिलं नव्हतं. फरक एवढाच. बर्फ, एक्मो, येल... हे सगळं ज्या मिनिटांची भरपाई करायला धडपडतंय, ती मिनिटं तिथे वाया गेलीच नव्हती.

कितीही चांगलं दाबलं तरी छाती दाबण्यातून नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच रक्त फिरतं. पण मेंदूला तग धरायला तेवढाच आधार असतो. आणि इथे एक फंडा लक्षात ठेवा. दाब एकदम तयार होत नाही, एकामागून एक दाबत गेलं की चढतो. हात थांबले की सेकंदांत कोसळतो, परत पहिल्यापासून सुरुवात. हापशासारखं. चार-सहा वेळा दांडा मारल्यावर धार येते आणि थांबलात की गेली.

माझ्या त्या 'थांब'चा अर्थ मला तेव्हा कळला.

चहा घेतलास का?

चौथ्या दिवशी काकांनी डोळे उघडले. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. तीन आठवड्यांनी ते घरी गेले. ऑफिसात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले.

आठ महिने झालेत. मी महिन्यातून एकदा डोंबिवलीला जातो. काका छान दिसतात. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. १९९८मधल्या शारजातल्या सचिनच्या दोन्ही सेंच्युऱ्या ते अजून ओव्हरसकट सांगतात. मला नावानं हाक मारतात. "काय रे, चहा घेतलास का?" मी घेतो. पाच मिनिटांनी परत विचारतात, "काय रे, चहा घेतलास का?" जुनं सगळं जागेवर आहे, नवं टिकत नाही. किरिनोच्या जर्बिलमध्ये ज्या पेशी गेल्या, त्याच भागावर काकांच्या न्यूरॉलॉजिस्टनी बोट ठेवलं. आपण ऑफिसला का जात नाही, हे काकूंना रोज सकाळी त्यांना नव्यानं सांगावं लागतं. रोज सकाळी ते नव्यानं गप्प होतात.

गेल्या खेपेला काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. पॅण्ट्री, एनसीसीवाली, माझं ओरडणं. त्या बराच वेळ कठड्याला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं रे." आणि थोड्या वेळानं, "आता माहीत झालंय ना? मग इतरांना सांग."

म्हणून हा लेख.

त्या एनसीसीवालीनं आमच्या एचआरच्या मागे लागून शनिवारचा एक वर्ग सुरू करायला लावलाय. रबरी पुतळा आणलाय. १९६०मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं केलेल्या 'अ‍ॅन'च्या वंशातला. सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून त्या पहिल्या अ‍ॅनचा चेहरा घेतला होता, असं सांगतात. पहिल्या शनिवारी मी तिच्या छातीवर हात ठेवले आणि दोन मिनिटांत घामाघूम झालो. जिम लावलेली असूनही! खांदे भरून येतात, दाब उथळ होतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, पण लय तोडायची नाही. मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "दमलास ना? मग बरोबर करतोयस."

एनसीसीवाली माझ्या शेजारी उभी राहून मोजत होती. एक, दोन, तीन... मध्येच पुतळ्याच्या आतून 'घर्र' असा हवेचा आवाज आला. मी क्षणभर अडखळलो.

"थांबू नकोस," ती म्हणाली.

मी थांबलो नाही.

चौकट
कोणी समोर कोसळलं तर...

हलवा आणि हाक मारा. खांद्यांना थोपटून मोठ्यानं बोलवा. उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर हृदय थांबलंय असं समजा. घोरणं, आचके, घरघर यांना श्वास समजू नका. शंका असेल तर दाबायला लागा. बरगडी मोडू शकते, पण ती जुळते.

फोन लावा. महाराष्ट्रात १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४पासून आहे. एका माणसाकडे बोट दाखवून 'तू फोन कर' असं सांगा. 'कोणीतरी करा' म्हटलं की कोणीच करत नाही. दुसऱ्याला एईडी आणायला पळवा.

दाबा. माणूस कडक जमिनीवर उताणा हवा. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. मिनिटाला १०० ते १२० वेळा. लय हवी तर बी जीजचं 'स्टेइन अलाइव्ह' मनात लावा, त्याची चाल मिनिटाला साधारण १०३ ठोक्यांची आहे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर हृदयात रक्त भरणारच नाही.

तोंडानं श्वास द्यायला शिकला नसाल तर त्यावाचून अडू नका. शिकाऊ माणसांसाठी आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं नुसती छाती दाबण्याचीच सोपी पद्धत तयार केली आहे. तिला 'कोल्स' म्हणतात. अपवाद लहान मुलांचा आणि बुडालेल्यांचा. त्यांना श्वासाचीही गरज असते, म्हणून ते नीट शिकून घ्या.

एईडी आला की चालू करा. ते यंत्र स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देत नाही. शॉकशिवाय आणि सीपीआरशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तुमच्या ऑफिसात एईडी आहे का आणि कुठे आहे, हे सोमवारी विचारा.

आणि हो... पाणी, कांदा, चप्पल यांतलं काहीही नको.